सोडलेली पहिली ओळ

घड्याळजींनी चिमट्यात धरलेली केसाएवढी स्प्रिंग जागेवर बसत आली होती. तेवढ्यात कंडक्टरबाईंनी कागदांचा गठ्ठा दाणकन काउंटरवर ठेवला आणि स्प्रिंग उडाली ती उडालीच.

“परत आला,” त्या म्हणाल्या. “अर्ज परत आला, भाऊजी.”

घड्याळजींनी डोळ्यावरचं भिंग काढलं. एरवी स्प्रिंग उडाली की ते तासभर कुणाशी धड बोलत नसत. गिऱ्हाइकांना ते ठाऊक होतं आणि बायकोला तर चांगलंच ठाऊक होतं. अशा वेळी ती मागच्या खोलीतून बाहेरच येत नसे. पण समोरच्या बाईंचा चेहरा बघून त्यांनी राग गिळला. सकाळची पाळी संपवून बाई थेट पालिकेत गेल्या होत्या आणि तिथून थेट इथे आल्या होत्या. गणवेश अंगावर तसाच होता.

“का परत केला?”

“एक सही कमी आहे म्हणे. हजार लागतात, नऊशे नव्व्याण्णव भरल्या. आणि मुदत आज पाच वाजेपर्यंत.”

घड्याळजींनी सवयीनं भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर अकरा घड्याळं होती आणि त्यांतली चार बरोबर होती. पावणेतीन झाले होते.

अर्ज दवाखान्याचा होता. वस्तीतला पालिकेचा दवाखाना पुढच्या महिन्यापासून संध्याकाळी बंद ठेवायचं घाटत होतं, आणि दिवसा कामावर जाणाऱ्या माणसांनी आजारी तरी कधी पडायचं, असा साधा सवाल त्यात होता. हजार सह्या असल्या तर पालिकेला तो सभेत घ्यावाच लागणार होता. सुरुवात केली होती घड्याळजींच्या बायकोनं. ती त्याच दवाखान्यात चादरी धुवायच्या कामाला होती आणि सगळी वस्ती तिला ताई म्हणायची. एकतीस वर्षं दर रविवारी सकाळी काखेत फळी आणि फळीला दोरीनं बांधलेलं पेन घेऊन ती जिने चढत राहिली. कधी नळासाठी, कधी रस्त्यावरच्या दिव्यासाठी, कधी कामगारांना काढून टाकलं म्हणून. घड्याळजी गिऱ्हाइकांना सांगत, “हिला देव भेटला ना, तर वर मागायच्या आधी सही मागेल.” ती आतून म्हणायची, “आणि पत्ता. नुसती सही काय कामाची?”

दोन महिन्यांपूर्वी, सहाशे बारा सह्या झाल्या असताना, ताई गेली. जिन्यात नाही, मोर्चात नाही. घरी, भाजी निवडता निवडता. तिसऱ्या आठवड्यात कंडक्टरबाई आल्या आणि फळी मागून घेऊन गेल्या. घड्याळजींनी ती दिली, पण पेनाच्या दोरीचा गुंता सोडवून हातात द्यायला त्यांना बराच वेळ लागला होता.

“कमी कशी पडली?” त्यांनी विचारलं. “तुम्ही मोजल्या नव्हत्या?”

“मोजल्या कशाला? आकडे घातलेलेच आहेत ना!” बाईंचा आवाज एकदम खाली आला. “शेवटचा आकडा हजार आला आणि मी आनंदानं नाचले. घरी जाऊन पोरांना खाऊ दिला. पण पहिली ओळ मोकळी आहे ना, ते डोक्यातूनच गेलं. ताई असत्या तर एक हजार एकपर्यंत गेल्या असत्या. त्या कायम एक जास्त घ्यायच्या.”

“पहिली ओळ मोकळी?”

“म्हणजे काय! आपल्या कुठल्याही अर्जाची मोकळीच असते.” बाईंनी गठ्ठ्याचं वरचं पान त्यांच्यापुढे सरकवलं. “तुम्हाला माहीत नाही?”

घड्याळजींनी पान जवळ ओढलं. वर ताईच्या गोल, शाळकरी अक्षरातला मजकूर. खाली आखलेल्या ओळी. पहिल्या ओळीला एक हा आकडा घातलेला, त्यापुढे काहीही नाही. दोनपुढे ताईची सही.

“आणि आता तो खिडकीवरचा कारकून म्हणतो, इथं कुणाची सही होती, खोडली का, हा काय प्रकार आहे,” बाई बोलत होत्या. “मी म्हटलं, अहो, आमची पद्धतच आहे. तो म्हणतो, कसली पद्धत? आता काय सांगू त्याला? आम्हालाच कुठे माहिती! कुणी म्हणतं, पहिल्या सहीवाल्याला वरचे लोक हेरून ठेवतात, म्हणून सोडायची. आमच्या त्या पंक्चरवाल्याचं म्हणणं, पहिली सही करायला माणूस कचरतो, दुसरी पटकन करतो. ताईंना विचारलं तर त्या नुसत्या हसायच्या. म्हणून आले. जुन्या अर्जांच्या नकला त्या ठेवायच्या ना? चार दाखवल्या तर कारकुनाचं तोंड तरी बंद होईल. सहीचं काही नाही हो, एक सही काय, कोपऱ्यावरच्या चहावाल्याचीही घेईन, राहून गेलाय तो. तुमची तर यात असणारच, नाहीतर तुम्हालाच म्हटलं असतं.”

घड्याळजी उठले. उठताना गुडघा काउंटरला लागला, पण त्यांनी हूं की चूं केलं नाही.

दुकानामागेच घर होतं. पलंगाखालची पत्र्याची पेटी त्यांनी ओढून काढली. दोन महिने ती उघडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. आत वर्षावार बांधलेले गठ्ठे होते, चादरींना करतात तशा नीट चौकोनी घड्या घालून. त्यांनी एक सोडला. नळाचा अर्ज. एकपुढे मोकळं, दोनपुढे ताई. दुसरा सोडला, शाळेसमोरच्या रस्त्याचा. एकपुढे मोकळं. तिसरा, चौथा. कागद पिवळे होत गेले, ताईची सही तरुण होत गेली, पण पहिली ओळ तशीच.

तळाशी एकच सुटं पान होतं. गल्लीतल्या दिव्याचा अर्ज. त्यावर मात्र एकपुढे ताईची सही होती आणि दोनची ओळ मोकळी होती. त्याखाली कुणाच्याच सह्या नव्हत्या. हे पान पुढे कुठे गेलंच नव्हतं.

हे पान घड्याळजींनी ओळखलं. न ओळखायला काय झालं? त्यावर आमटीचा डाग होता आणि ती वाटी त्यांनीच ढकलली होती.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. दुकान नुकतंच टाकलं होतं, जागा पालिकेची, परवाना अजून मिळायचा होता. जेवताना बायकोनं पान पुढे केलं आणि म्हणाली, “बघा, सुरुवात मी केली. आता माझ्याखाली तुम्ही करा.” सही पाहून पालिका परवाना अडवेल, हेच घड्याळजींच्या मनात आलं. भीती वाटते म्हणायला तोंड उघडेना, तेव्हा तोंडातून दुसरंच निघालं. “बायकोच्या मागे सही करू? पहिली ओळ ठेवली असतीस तर केलीही असती. आता नाही.” वाटी कलंडली ती तेव्हा. तिनं पान उचललं, पुसलं, आणि पुन्हा कधी त्यांच्यासमोर अर्ज धरला नाही.

नाही धरला, हेच तर त्यांना एकतीस वर्षं सलत होतं. परवाना मिळाला, भीती गेली, केस गेले. रविवारी सकाळी ती चपला घालताना ते मुद्दाम बाहेरच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसत. म्हणावं हिनं एकदा, या हो, करा सही. लगेच नसती केली, जरा आढेवेढे घेतले असते, पण केली असती. सगळ्या वस्तीचं दार वाजवते आणि घरातल्या माणसाला विचारत नाही, याचा त्यांना राग होता. तिनं आपल्याला केव्हाच वजा करून टाकलंय असं ते धरून चालले होते.

“सापडल्या का, भाऊजी?” बाहेरून हाक आली. “सव्वातीन झाले!”

ते पेटीसमोर जमिनीवर बसले होते आणि डोळ्यांतलं पाणी दाढीच्या खुंटांत उतरलं होतं. त्यांनी बाहीनं तोंड पुसलं, चार नकला आणि ते तळचं पान घेतलं आणि बाहेर आले.

“माझी नाही,” ते म्हणाले.

“काय नाही?”

“सही. यात नाही. कशातच नाही.”

कंडक्टरबाई हसल्या, आणि मग हसू तोंडावरच राहिलं. रोज बसमध्ये शंभर तऱ्हेची माणसं बघणारी बाई. त्यांनी गठ्ठा बाजूला सारून काउंटरवर जागा केली. घड्याळजींनी आमटीच्या डागाचं पान त्यांच्यापुढे ठेवलं आणि काय झालं होतं ते सांगितलं. लांबण लावली नाही. भीतीचंही सांगितलं, वाटीचंही.

“पुढच्या अर्जापासून तिनं पहिली सोडली,” ते म्हणाले. “मला बोलली नाही.”

बाईंनी दोन्ही पानं शेजारी शेजारी लावून पाहिली. मग पेन उघडून दवाखान्याच्या अर्जाचं पहिलं पान त्यांच्याकडे वळवलं आणि मोकळ्या ओळीवर बोट ठेवलं.

घड्याळजींनी त्या ओळीवरून बोट फिरवलं. लागून खाली बायकोची सही होती. अक्षर जरा तिरपं झालं होतं, तरी रेघ सोडली नव्हती.

“ही नको,” ते म्हणाले. “शेवटचं पान काढा.”

“अहो, पण ही तुमचीच...”

“शेवटचं काढा हो.”

शेवटच्या पानावर हजार आकड्यापुढे कुणातरी हमालाचा अंगठा होता. खाली जागा जेमतेम बोटभर. घड्याळजींनी स्टीलची पट्टी लावून एक सरळ ओळ आखली, एक हजार एक आकडा घातला आणि डोळ्याला भिंग लावून, घड्याळाच्या तबकडीवर आकडे रंगवावेत तशा बारीक अक्षरात नाव लिहिलं, सही केली. मग आठवण होऊन पत्ताही घातला.

“आता मी येतो बरोबर,” त्यांनी दुकानाचं शटर ओढलं. “कारकुनाला मी सांगतो.”

वाटेत बाईंनी त्यांना आपल्याच डेपोच्या बसमध्ये चढवलं आणि पुढची सीट मिळवून दिली. ते गठ्ठा मांडीवर घट्ट धरून बसले.

खिडकीवरचा कारकून दिवसभराच्या रांगेनं आंबला होता. त्यानं गठ्ठा ओळखला, चष्मा वर केला आणि पहिल्याच पानावर टकटक केलं.

“हे आधी सांगा. इथं कोण होतं?”

“मी,” घड्याळजी म्हणाले.

“मग सही कुठंय?”

“उशीर झाला मला. शेवटच्या पानावर बघा.”

कारकुनानं त्यांच्याकडे पाहिलं, दोनपुढच्या ताईच्या नावाकडे पाहिलं, पत्ता ताडून पाहिला. दोन्ही पत्ते एकच. मग त्यानं खालपासून वरपर्यंत ओठ हलवत सगळ्या सह्या मोजल्या, त्यात वीस मिनिटं गेली, आणि शिक्का उचलून मारला. पोच फाडून खिडकीतून बाहेर सरकवली.

बाहेर पायऱ्यांवर येऊन कंडक्टरबाईंनी पोच दोनदा वाचली आणि पर्समध्ये, आतल्या कप्प्यात ठेवली. पिशवीतून पाण्याची बाटली काढून आधी त्यांना दिली.

“एक विचारू?” त्या म्हणाल्या. “आता पुढच्या अर्जाला पहिल्या ओळीपासूनच घ्यायच्या ना सह्या? मोजायलाही सोपं.”

घड्याळजींनी दोन घोट पाणी पिऊन बाटलीचं झाकण लावलं.

“नको,” ते म्हणाले. “सोडतच जा. असतं एखाद्या घरी कुणीतरी. फक्त मोजताना तेवढा एक वजा करायला विसरू नका.”