शेपटीचा शब्द

थोरल्या मेहुण्यानं मला पहिला ठोसा मारला तो इस्पितळाच्या जिन्यात. ओठ फाटला, दात हलला. दुसरा पोटात बसला तेव्हा कठडा धरून मी खालीच बसलो. ट्रकवर माल चढवणारा माणूस तो, त्याचे हात म्हणजे घण.

"माझ्या भावाचा हात खाल्लास तू," तो म्हणाला आणि वॉर्डबॉय धावत येईपर्यंत लाथा घालत राहिला.

मी एकदाही हात उगारला नाही. तो म्हणत होता ते खरंच होतं. बटण मीच दाबलं होतं.

आम्ही कत्तलखान्यात कामाला. जनावर सोलून झालं की माझा धाकटा मेहुणा धडाच्या मागच्या पायात लोखंडी आकडा अडकवायचा. त्याला सगळे गवई म्हणायचे, कारण रक्तामांसात उभा असतानाही त्याचं गाणं चालूच. मी पाच पावलांवर, बटणापाशी. मी बटण दाबलं की साखळी आकडा वर खेचायची आणि दीडशे किलोचं धड रुळाला लटकायचं. गवईला तिथं चिकटवलं होतं तेही मीच.

नवा सुपरवायझर बाहेरून आलेला, त्याला इंग्रजीशिवाय काही येईना. म्हणून पाळी सुटल्यावर कँटीनमध्ये कंपनीनं आमच्यासाठी इंग्रजीचा वर्ग काढला. शिकवायला एक बाई यायच्या. साठीच्या, बारीक, आवाज मात्र खणखणीत.

"इंग्रजी क्रियापद तसं गरीब जनावर," त्या म्हणायच्या. "पण मागे छोट्या शब्दाची शेपटी लागली की कुणीकडे उधळेल सांगता येत नाही. पुट ऑन म्हणजे अंगात घाल. पुट ऑफ म्हणजे पुढे ढकल. पुट आउट म्हणजे विझव."

"असं कसं हो बाई?" गवई विचारायचा.

"तुम्ही नाही का जेवण खात, मार खात, भाव खात? तोंड एकच, घास वेगळे."

वर्ग हसायचा. मी सगळ्यांत पुढे बसायचो. घरी बायकोला 'टर्न ऑफ द टॅप' म्हणून दाखवायचो. ती म्हणायची, "इंग्रजीत सांगितलं तरी उठून नळ तुम्हीच बंद करायचाय."

हँग म्हणजे टांगणे, हे दुसऱ्याच आठवड्यात झालं. हँग अप युवर कोट. आमच्या धंद्यातलाच शब्द, पाठ करायची गरजही पडली नाही.

त्या सकाळी एक धिप्पाड बैल टेबलावर होता. त्याच्या पाठीआड मला गवईची नुसती टोपी दिसत होती. पलीकडच्या कट्ट्यावरून सुपरवायझर ओरडला, "हँग ऑन!" मी मान वर केली. तो दोन्ही हात हलवत पुन्हा ओरडला, "हँग ऑन! हँग ऑन!" मला वाटलं, घाई करतोय. टांग म्हणतोय. मी बटण दाबलं आणि दाबूनच धरलं.

साखळी ताणली गेली. धड हललं नाही. त्याच्या मागून गवई वर आला. आकडा त्याच्या तळहातातून आरपार गेला होता, जाळीचा हातमोजा आकड्यात गुंतलेला, आणि तो त्या एका हातावर लोंबकळत पाय झाडत होता. त्याच्या तोंडून जे निघालं ते माणसाचं वाटत नव्हतं. मी बटण सोडलं, उलटं दाबलं. तो खाली आदळला तेव्हा हाताचा पंजा कातडीवर लटकत होता.

डॉक्टरांनी मनगटापासून हात काढला.

चार दिवसांनी मॅनेजरच्या खोलीत चौकशी झाली. दुभाषी म्हणून बाई, घरच्यांच्या वतीनं थोरला. सुपरवायझर बराच वेळ बोलला. बाईंनी सांगितलं, "ते म्हणतात, हातमोजा अडकलेला त्यांना दिसला. थांब, थांब म्हणून ते ओरडले. तरी यानं बटण दाबलं."

"थांब कुठं म्हणाले?" मी उसळलो. "हँग ऑन म्हणाले. टांग म्हणाले!"

बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. "हँग ऑन म्हणजे थांब," त्या म्हणाल्या. "रोजचं बोलणं आहे ते. फोनवर, दारात, रस्त्यात. थांब जरा, आलोच... ते शिकवायचं माझ्याकडून राहिलं."

मग थोरल्यानं लोखंडी खुर्ची उचलली.

"तू शिकवलंस यांना?" असं म्हणत तो बाईंवर धावला. खुर्ची डोक्यावरून फिरली. बाई जागच्या हलल्या नाहीत, हलू शकल्या नाहीत. मी मध्ये पडलो आणि हात आडवा केला. हाड मोडल्याचा आवाज मी आधी ऐकला, कळ नंतर आली. रखवालदारांनी थोरल्याला फरशीवर पालथा पाडून त्याच्या पाठीवर गुडघे रोवले, तरी तो कपाळ फरशीवर आपटत होता.

मला गवईच्या शेजारची खाट मिळाली. बायको दोन खाटांच्या मध्ये स्टूलवर बसायची. कुणाकडे तोंड करावं, तिला कळायचं नाही. पोलिसांनी सोडल्यावर थोरला आला तो दारातूनच माझ्याकडे बोट दाखवत.

"ह्याला इथून हलव, ताई. नाहीतर दुसराही हात मोडीन."

"दादा, बस," गवई म्हणाला. आवाज बसलेला होता. "मीपण ऐकलं होतं."

"काय?"

"साहेब ओरडला ते. हातमोजा मी सोडवतच होतो. हँग ऑन ऐकलं आणि मला वाटलं, लवकर टांग म्हणतोय. म्हणून सोडवायचं सोडलं न् आकडा जोरात आत रेटला." त्यानं बँडेज केलेलं मनगट छातीशी धरलं. "एक हाक मारली असती तर भाऊजी थांबले असते. मी नाही मारली."

थोरला भिंतीला टेकून हळूहळू खाली बसला. बायकोनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं, आणि एवढा थोराड माणूस हुंदके देऊन रडला.

सुपरवायझरला कुणी काही केलं नाही. मला बटणावरून काढून फरशी धुण्यावर टाकलं. बाई महिनाभर कत्तलखान्यात आमच्यामध्ये उभ्या राहिल्या, कोण कुठं काय ओरडतं ते वहीत टिपत. मग पुन्हा वर्ग सुरू केला. गवई डाव्या हातानं अक्षर गिरवतो. गाणं म्हणत नाही.

थोरला माझ्याशी बोलायचा नाही. पण माझा हात प्लास्टरमध्ये होता तोवर तो एक दिवसाआड सकाळी यायचा, मला खुर्चीत बसवायचा आणि माझी दाढी करायचा. हनुवटी धरून मान मागे करायचा आणि वस्तरा गळ्यावर ठेवायचा. पहिल्या दिवशी मी डोळे घट्ट मिटले होते. नंतर उघडे ठेवू लागलो.