आठ तुकडे

सन एकोणीसशे अठ्ठावन्न, हिवाळ्याचा पहिला आठवडा. तेव्हा मी जन्मलो. मी टार्टचा साचा. काळा पत्रा, कडेला चुण्या, तळ सुटा. कडं वेगळं आणि तळ वेगळा, पण एकत्र बसलो की थेंब गळू देत नाही. आता मी खिळ्यावर असतो. तिथून जे पाहिलं ते सांगतो. मागणं एकच, शेवटपर्यंत ऐका आणि मध्येच कुणाची बाजू घेऊ नका. मी घेतली नाही.

पत्र्याचं काम करणाऱ्या एका माणसाने मला घडवलं. मायेने नाही, हातोडीने. चुणी वाकडी पडली की शिवी हासडायचा आणि पुन्हा ठोकायचा. माझ्याआधीचे दोन साचे त्याने भंगारात फेकले. मी टिकलो. त्याचा मला अभिमान आहे.

मला एका विधवेने विकत घेतलं. उंच, ताठ बाई. पदरी एक मुलगा आणि एक मुलगी. तिने मला बोटाने वाजवून पाहिलं, तळ काढून उजेडात धरला, मगच पिशवीत टाकलं. घरी आल्यावर मला खिळा दिला आणि खाली फळीवर एक बरणी ठेवली. बरणीत पांढरे वाटाणे होते. ते खायचे नव्हेत.

ते कशाला, हे सांगायला हवं. माझ्यात आधी मैदा-लोण्याची पारी अंथरतात. पारीवर कागद, कागदावर वाटाणे, आणि तसाच मला भट्टीत ठेवतात. वाटाण्यांच्या वजनाने पारी फुगत नाही, कोरडी भाजते. मग कागदासकट वाटाणे उचलून परत बरणीत. त्यानंतर तळलेल्या बेकनचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, तांबूस तुकडे, किसलेलं चीज, आणि वरून अंडी आणि साय फेटून ओतायची. आधीचं कोरडं भाजणं चुकलं की सगळं पातळ खाली मुरतं आणि तळाचा चिखल होतो.

हे वर्षातून एकदाच. हिवाळ्याच्या सुट्टीचा पहिला दिवस. त्या दिवशी न्याहारी नाही, दुपारचं जेवण नाही. सकाळी अकराला सगळ्यांनी टेबलाशी बसायचं. टार्टचे आठ तुकडे करायचे. जिने केला तिने पहिला तुकडा सुरीवर उचलून सगळ्यांना त्याचा तळ दाखवायचा. तळ कोरडा दिसला की खायला सुरुवात. ही रीत त्या बाईनेच घातली. तिला स्वतःच्या हाताची खात्री होती.

नऊ वर्षांनी मुलाचं लग्न झालं. सून आली, बारीक चणीची, कमी बोलणारी. सहा महिने झाले आणि सुट्टी आली. सासू म्हणाली, यंदा टार्ट सूनबाई करेल.

सुनेने माझ्यात पारी अंथरली. हात चांगला होता, मला कळलं. मग ती थांबली. माझ्याकडे पाहिलं, भट्टीकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं.

"आई, आता पुढे काय करायचं?"

सासू खुर्चीत बसून कांदा सोलत होती. उठली, वाटाण्यांची बरणी उचलली आणि फडताळात पार मागे सरकवली.

"तुझ्या आईनं शिकवलं तसं कर," ती म्हणाली. "मी कोण सांगणारी?"

सुनेने कच्च्या पारीवरच सगळं ओतलं. भट्टीत माझ्या तळाशी पारी कच्चीच राहिली. वर मात्र छान सोनेरी रंग चढला.

अकरा वाजता टेबलाशी मुलगा होता, मुलगी आणि जावई होते, शेजारचं एक जोडपं होतं. सुनेने तुकडा उचलला. खालचा अर्धा भाग सुरीवरून लोंबला आणि टेबलावर पडला.

"वहिनी, हे खायचं का प्यायचं?" नणंदेने विचारलं. जावई हसला. मग शेजारीही हसले.

सासू हसली नाही. तिने सुनेपुढे ताटली सरकवली.

"या घरात अन्न टाकत नाहीत. जिनं केलं तिनं खायचं. आठही. उद्या अकरापर्यंत."

सुनेने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने काटा उचलला, पुसला, परत ठेवला. बाकीच्यांनी पाव-जॅम खाल्लं. ती एकटी तो कच्चा लगदा खात राहिली, आणि समोर हवापाण्याच्या गप्पा चालू राहिल्या. सहाव्या तुकड्यानंतर ती मागच्या दारी जाऊन ओकली, तोंड धुऊन आली आणि सातवा घेतला. आठवा दुसऱ्या दिवशी अकराच्या ठोक्याला संपला.

मग तिने मला घासलं. एकेका चुणीत नख घालून. रडली नाही. बायका मला घासताना रडतात, मी ते पाहिलंय. ही शब्दन् शब्द पाठ करत होती.

पुढच्या वर्षी तिने घरात कुणाला काही विचारलं नाही; कुठून शिकून आली कोण जाणे. फडताळातून बरणी काढली, कागद घातला, वाटाणे पसरले. तळ खणखणीत निघाला. सासूने तुकडा उलटा करून पाहिला आणि खाल्ला. चांगला म्हणाली नाही. त्यानंतर पंचवीस वर्षं टार्ट सुनेनेच केला. नवरा दरवर्षी पहिला घास घेऊन म्हणायचा, छान झालाय. ती दरवर्षी म्हणायची, हो.

वाटाणे मात्र तेच राहिले. भाजून भाजून काळपट तांबूस झाले, खड्यांसारखे टणक. माझाही रंग उतरला. सासूच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला.

एकोणीसशे त्र्याण्णवच्या हिवाळ्यात नणंद भावाला म्हणाली, आईच्यानं आता काही होत नाही, तिला बसवून ठेवा. हळू म्हणाली, पण म्हातारीचे कान शाबूत होते.

"मला बसवणारे अजून जन्मायचेत," ती म्हणाली. "यंदा टार्ट मी करणार. सूनबाई, तू हात लावायचा नाहीस."

तिने मला खिळ्यावरून स्वतः काढलं. डोळ्यांना नीट दिसत नव्हतं, पण पारी अंथरताना ती अडली नाही. बोटांना सगळं येत होतं. कागद तिने नेहमीसारखा माझ्या कडेबरोबर गोल कापला, बाहेर टोक दिसलेलं तिला खपत नसे. वाटाणे पसरले. भट्टी. सुरेख भाजली पारी. मी खोटं कौतुक करत नाही.

तिने मला वाटाण्यांसकट टेबलावर निवायला ठेवलं आणि दारात मुलगी-जावई आले. पाठ ताठ करून ती बाहेर गेली, दोन शब्द बोलली, परत आली. परत आली तेव्हा मनातला धागा तुटला होता. ती माझ्यावर वाकली. तिला काळपट तांबूस तुकडे दिसले.

"बेकन घातलं का गं मी?" तिने विचारलं.

सून दाराशी उभी होती. बेकन वाडग्यात तसंच होतं, म्हातारीच्या हातापासून वीतभर. सून पुढे आली. वाडग्यावर तिने ताटली झाकली आणि तो फडताळात पार मागे सरकवला.

"मी कोण सांगणारी, आई?"

म्हातारीने टेबल चाचपून चीज जवळ ओढलं. ते शब्द तिने ओळखले का, मला सांगता येत नाही. मग तिने चीज पसरलं आणि फेटलेली अंडी ओतली. वाटाण्यांवर. त्यांनी जागा खाल्ली होती, बरंच उरलं.

"साचा लहान झाला की काय," ती पुटपुटली.

पस्तीस वर्षांत माझा एवढा अपमान कुणी केला नव्हता. मला वाचा असती तर तेव्हा बोललो असतो. पण बोललो असतो तेही माझ्या मापाबद्दल, तिच्या बाजूने नव्हे.

भट्टीतून काढताना तिला मी जड लागलो. यंदा भरगच्च झालाय, म्हणाली. खूश होती. मला पालथ्या वाटीवर ठेवलं, कडं खणकन खाली पडलं, टार्ट उभा राहिला. वरून बघणाऱ्याने नावं ठेवली नसती.

अकरा वाजले. म्हातारीने सुरी घातली. सुरी करकरली. तिने जोर दिला.

"सासूबाई, खडी टाकलीत का यंदा?" जावई म्हणाला.

"तळ दाखवा, आई," सून म्हणाली.

म्हातारीने तुकडा उचलला. कागद फाटून लोंबला आणि वाटाणे टपाटप टेबलावर पडले. एक गडगडत जावयाच्या कपापर्यंत गेला. त्याला हसू आवरेना. नणंदेने रुमाल तोंडाला लावला, तिचेही खांदे हलत होते. म्हातारी बोटांनी एकेक वाटाणा चाचपत होती. मग तिचा हात थांबला.

सुनेने तिच्यापुढे ताटली सरकवली.

"या घरात अन्न टाकत नाहीत, आई."

हसणं बंद झालं. मुलगा खुर्ची सरकवून उठला.

"अगं, राहू दे. म्हातारं माणूस आहे. चूक होते."

"सव्वीस वर्षांनी वाचा फुटली तुम्हाला," सून म्हणाली. आवाज चढवला नाही. "बसा."

तो उभाच होता. म्हातारी म्हणाली, "बस. तुझं काम नाही." मग सुनेच्या दिशेने मान वळवली. "उद्या अकरापर्यंत?"

"उद्या अकरापर्यंत."

तिने खाल्लं. वाटाणे तोंडात घोळवून, त्यांना चिकटलेलं अंडं चोखून, एकेक ताटलीच्या कडेला ठेवत गेली. कागद दातांनी सोडवला. बाकीच्यांनी पाव-जॅम खाल्लं. तिसऱ्या तुकड्याला काहीतरी कडकन मोडलं. तिने ते तोंडातून काढलं, चाचपलं आणि वाटाण्यांशेजारी ठेवलं. तिचा दात होता. नणंद रडायला लागली आणि जावई तिला घेऊन घरी गेला. सून समोर बसून राहिली. ताटली रिकामी झाली की पुढचा तुकडा ठेवायची, पाणी हवं तर पाणी द्यायची.

आठवा तुकडा दुसऱ्या दिवशी अकराला संपला. म्हातारीने ओठ पुसले. पदराला रक्त लागलं.

"आठ," ती म्हणाली. "फिटलं?"

सुनेने ताटली उचलली.

"फिटलं, आई."