पान तीन

मी कंप्युटरची वैरी नाही. पण कुडाळचा निकेत आमच्या वाचनालयातले सगळे जुने पेपर स्कॅन करून, "काकी, आता नुसता शब्द टाकायचा, चुटकीसरशी सापडतं," असं सांगून गेला, तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. सत्तावीस वर्षं ग्रंथपाल आहे मी. शोधायला मला शिकवतो मेलो!

शुक्रवारी संजना आली. पार्वतीची मुलगी, आता एकवीस वर्षांची. ती आठ वर्षांची असताना तिचे वडील बाळा 'सातेरी प्रसाद' होडीवर गेले ते परत आलेच नाहीत. तेरा वर्षं झाली, तरी मेल्याचा दाखला नाही. म्हणून घर पार्वतीच्या नावावर होत नाही.

"काकी, सोमवारी कोर्टात तारीख आसा. वकील म्हणता, तेव्हाची पेपरातली बातमी व्हयी."

"बस गो. आत्ता काढून देतंय," मी ऐटीत म्हटलं.

'बेपत्ता' टाकलं. चारशे बारा बातम्या आल्या. पहिली हरवलेल्या म्हशीची, दुसरी कुणाच्या पाकिटाची. 'होडी' टाकलं, तर होड्यांच्या शर्यती. 'सातेरी प्रसाद' टाकलं, तर देवळातल्या महाप्रसादाची आमंत्रणं! बाळाचं नाव आडनावासकट टाकलं, तर काहीच नाही. मी निकेतला फोन लावला. तो म्हणाला, "काकी, अवतरणचिन्हं घाला." घातली. तरी काही नाही. म्हटलं, वेगळा शब्द घालू. तोही घातला. काय चाललंय तेच मला कळेना. बातमी आली होती, मी स्वतः वाचली होती, आणि हा डबा सांगतोय की नाहीच!

"माणूस गेलो तां गेलो, बातमी पण गेली काय?" संजना हळूच म्हणाली.

मग मी शोधबिध सोडून दिलं आणि जुन्या पद्धतीने गेले. वर्ष, महिना, आठवडा. आमच्याच गावचं साप्ताहिक, आता बंद पडलेलं. स्क्रीनवर पान तीन उघडलं.

पानात मधोमध चौकोनी भोक होतं. त्यातून मागच्या पानावरची काजूबियांची जाहिरात दिसत होती. पट्टी धरून सरळ कापलेलं. अशी पट्टी धरून ह्या वाचनालयात एकच बाई कापते.

तेव्हा ही पोर रोज शाळा सुटली की दप्तरासकट यायची आणि वडिलांची बातमी आली का बघायला आधी पान तीन उघडायची. त्या आठवड्यात अंक आला, मी वाचला आणि ती यायच्या आत बातमी कापली. घरी नेऊन चुलीत घातली. पुढे मीच ते विसरून गेले.

"संजना, तां मी कापलंय," मी म्हटलं. "तुझ्या हाती पडू नये म्हणान."

तिने स्क्रीनवरच्या भोकावर बोट ठेवलं.

"काय लिहिलेला त्यात?"

मी सांगितलं. फळकुटं मिळाली, बाळाचं जाकीट मिळालं, शोध थांबवला. तेरा वर्षांनी त्या मुलीला मी तिच्या वडिलांची बातमी सांगत होते, तीही कागदाशिवाय.

"सोमवारी कोर्टात ह्यां सांगशीत?"

"सांगतंय. शपथेवर सांगतंय."

ती उठली, चपला घातल्या आणि दारातच थांबली.

"काकी, तां भोक मी तेव्हाच बघलेलंय. दहावीत पास झालेल्यांचे फोटो लोक कापून नेतत मां, तसाच वाटला माका. म्हटलंय, बाबा गावलो आसतलो, म्हणान कोणीतरी बातमी कापून नेल्यान. मगे वर्षभर मी रोज जेटीर जाय होतंय."