मुसोंडाच्या आईची माफी

परराष्ट्रमंत्री आमच्याच भागातून निवडून गेलेले. दूर, दोन समुद्रांपलीकडे, दोन देशांची लढाई जुंपली होती आणि ती मिटवायला ते विमानाने निघाले. आमच्या एन्डोला शहराच्या बाजारात आम्हाला त्या लढाईची खबर लागली ती तेलाच्या डब्यावरून. माझ्या शेजारी बसून मुसोंडाची आई मैद्याचे गोड गोळे तळते. कामावर जाणारी माणसं सकाळी चहाबरोबर तेच खातात. लढाई सुरू झाली तसा मैदा चढला, तेल चढलं, आणि तिचा मुठीएवढा गोळा लिंबाएवढा झाला. कुणी कुरकुर केली की ती म्हणायची, मोठा हवा असेल तर त्या दोघांना जाऊन सांगा.

मी जुने कपडे विकते. मला लढाईची झळ कमी आणि करमणूक जास्त. साहेब निघाल्यापासून बाजारात दुसरा विषय नव्हता. मासळीवाल्या म्हणत, ज्यांना निवडणुकीनंतर आमचा रस्ता सापडला नाही त्यांना लढाई बरी सापडली. न्हाव्याचं म्हणणं, त्यांना थंडीचा कोट शिवायला निमित्त हवं होतं. पण खोटं कशाला बोलू, आतून अभिमानही होता. लांबलचक टेबलाच्या टोकाला आमचा माणूस बसलाय, असा फोटो आला, तो आम्ही मोबाइलवर एकमेकींना चार-चारदा दाखवला.

साहेब दोन्ही देशांत जेवले, दोन्हीकडे हात मिळवून आले. त्यांचं विमान उडालं आणि तासाभरात तोफा पुन्हा सुरू झाल्या. साहेबांनी निवेदन काढलं, बोलणी फलदायी झाली.

साहेबांच्या पक्षाचे बाजारातले अध्यक्ष सिकाझ्वे यांनी स्वागताला आम्हा बायकांना कापड वाटलं. त्यावर पांढरं कबूतर आणि साहेबांचा चेहरा. कमरेला गुंडाळलं की कबूतर पुढे यायचं आणि साहेब बरोबर बसायच्या जागी. ते नेसून आम्ही विमानतळावर दोन तास उन्हात नाचलो. तिथे रेडिओच्या माणसाने मुसोंडाच्या आईपुढे माइक धरला आणि विचारलं, साहेबांच्या कामगिरीबद्दल काय वाटतं?

ती म्हणाली, "मी माझ्या दोन जावांची भांडणं मिटवलीत. आधी हातातली मुसळं काढून घ्यायची, मग जेवायला बसायचं. साहेब आधीच जेवले. रिकाम्या हातांनी गेले, रिकाम्या हातांनी आले. कोट तेवढा छान आहे."

संध्याकाळी हे रेडिओवर लागलं, सकाळी परत लागलं. दुपारपर्यंत मिनीबसवाले गर्दीत धक्काबुक्की करणाऱ्यांना सांगू लागले, मुसळं खाली ठेवा आणि आत सरका.

अध्यक्ष तिच्या टेबलापाशी आले. त्यांनी आवाज चढवला नाही. शुक्रवारी रेडिओवर जाऊन माफी मागायची, नाहीतर बाजारातली जागा सोडायची, एवढंच सांगितलं आणि जाता जाता दोन गोळे उचलले. तिचा नवरा वारलेला, घरात तीन पोरं. माझ्याशी बोलताना ती झारा नुसताच तेलात फिरवत होती. "वाकते बाई," ती म्हणाली. "वाकल्याने कंबर मोडत नाही."

शुक्रवारी मी तिच्याबरोबर गेले. अध्यक्षांनी माफी लिहून आणली होती, पण त्यांचं अक्षर त्यांनाही लागेना. शेवटी ते म्हणाले, तुमच्या शब्दांत सांगा, पण मनापासून.

तिने डोक्याचा रुमाल सारखा केला, माइककडे हात जोडले आणि म्हणाली, "साहेब, मला माफ करा. तुम्ही रिकाम्या हातांनी आलात असं मी म्हणाले. ते खोटं होतं. अध्यक्षांनी मला समजावलं. तुम्ही फोटो घेऊन आलात."

ती हे भोळेपणाने बोलली की मुद्दाम, ते मला आजही सांगता येणार नाही. तिचा चेहरा चर्चमध्ये असावा तसा होता. अध्यक्षांचा पाहण्यासारखा होता. तेवढ्यात पहिल्या श्रोत्याचा फोन लागला. त्याने अगदी नम्रपणे विचारलं, त्या फोटोतून तेल किती निघेल?

दुसऱ्या दिवशी तिचं टेबल बाजाराच्या मागे, संडासांच्या रांगेपाशी नेऊन टाकलं होतं. ती रडली, मग तिथेच चूल पेटवली. गिऱ्हाईक नाक दाबून तिथे जायचं, खायचं आणि परत यायचं. तीन आठवडे असं चाललं.

मग साहेब पुन्हा निघाले, बोलण्यांची दुसरी फेरी. वरून हुकूम आला, निरोपाला बायका हव्यात. अध्यक्ष मासळीवाल्यांकडे गेले. त्या म्हणाल्या, येऊ की. पण आधी मुसोंडाच्या आईला तिच्या जागी बसवा. ते माझ्याकडे आले. मीही तेच म्हणाले. खरं तर मला भीती वाटत होती, पण तिघी मासळीवाल्या बघत होत्या.

भर दुपारी अध्यक्ष सिकाझ्वे यांनी ते टेबल डोक्यावर घेऊन अख्खा बाजार ओलांडला. कुणी हसलं नाही. ते जास्त वाईट होतं. टेबल खाली ठेवून ते धापा टाकत उभे राहिले. तिने त्यांना पाणी दिलं.

"आता तरी काही बोलू नका," ते म्हणाले.

"मला कुणी विचारलं नाही तर मी कशाला बोलेन?"

दुसऱ्या दिवशी आम्ही विमानतळावर जाऊन नाचलो. ती आली नाही. रेडिओचा माणूस तिथे दिसला, पण फार वेळ थांबला नाही. आम्ही परत आलो तेव्हा तो बाजारात तिच्या टेबलापुढे माइक घेऊन रांगेत उभा होता.