पाच पन्नासचं कार्ड

भंवरलालशेठनी वाकून स्वतःच्या हातानं भिंतीतला प्लग काढला, वायरीचं टोक पेटीवर ठेवलं आणि मनगटावरचं घड्याळ बघितलं.

"तीन वीस," ते म्हणाले. "लाईट गेल्यावर चार तास, असं म्हणालीस ना?"

"हो."

"मग खुर्ची दे."

नूतनला वाटलं, पाय दुखत असतील. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, धुळ्याहून जळगावपर्यंत गाडीत बसून आलेला. तिनं स्वतःची खुर्ची पुढं केली. शेठजींनी ती पेटीच्या अगदी समोर ओढली, धोतराचा सोगा सावरून बसले आणि चष्म्याची काच पुसायला घेतली. त्या निवांत पुसण्यावरून तिला कळलं, की हे लगेच उठणार नाहीत.

"तुम्ही इथंच बसणार? चार तास?"

"तुझं मशीन चार तास काम करणार. मी दहा मिनिटं बघून काय सांगू?"

एरवी ज्या मंगल कार्यालयात दिवसाला दोन लग्नं लागतात, तिथं आज वैद्यकीय उपकरणवाल्यांचा मेळावा भरला होता. पुण्याचे, नाशिकचे, अहमदाबादचे लोक आले होते. तीसेक टेबलं मांडलेली, प्रत्येकावर काहीतरी लुकलुकत होतं. एका यंत्रावर हृदयाची रेघ नाचत होती, दुसरं दर मिनिटाला गोड आवाजात इंग्रजी बोलत होतं. गळ्यात ओळखपत्रं अडकवलेले लोक या टेबलावरून त्या टेबलावर जात, हात मिळवत, कार्ड देत आणि हात सुटायच्या आत पुढच्या माणसाकडं बघत.

आणि या सगळ्यात नूतन जीवराम झांबरे, मुक्काम सावदा, हिच्या यंत्राचा गुण असा की ते काही करताना दिसतच नाही. कमी वजनाच्या बाळाला ऊब देणारी गादी. गादीच्या पोटात मेणाच्या पिशव्या. लाईट असताना मेण वितळतं, लाईट गेली की हळूहळू गोठत जातं आणि गोठताना ऊब सोडत राहतं. शिकत असताना ती एका तालुक्याच्या दवाखान्यात महिनाभर होती. तिथं लाईट गेली की सिस्टरबाई गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून बाळाच्या दोन्ही बाजूंना लावायच्या, आणि त्या गार झाल्या की पुन्हा पाणी तापवायला धावायच्या. ते धावणं नूतनच्या डोक्यातून गेलं नाही. जळगावच्या एमआयडीसीत भाड्याची शेड घेऊन दोन वर्षं तिनं ही गादी बनवली. आता मेळाव्यात तिला स्टेजवर बोलायला मिळणार होती पाच मिनिटं. चार तासांची गोष्ट पाच मिनिटांत दाखवायची कशी, हे सांगणारं मात्र कुणी भेटलं नव्हतं.

तिच्याकडं फार वेळही नव्हता. पुण्याच्या कंपनीनं सोमवारी हजर व्हायला सांगितलं होतं. मोठ्या भावानं, हितेंद्रनं, रविवारच्या बसचं तिकीटही काढून ठेवलं होतं. "आज कुणी हातात धरलं तर ठीक," तो म्हणाला होता, "नाहीतर शेडची किल्ली परत देऊन टाक." आणि हातात धरणारा म्हणजे कोण, हे दोघांनाही माहीत होतं. धुळ्याच्या आग्रा रोडवर भंवरलालशेठचं सर्जिकलचं दुकान पंचेचाळीस वर्षं उभं होतं. नवापूरपासून रावेरपर्यंतचे डॉक्टर यंत्राची कंपनी नंतर विचारत. आधी विचारत, शेठजींनी बघितलंय का.

शेठजींनी गादीवर हात ठेवला आणि भुवया वर केल्या.

"बाळ कुठंय?"

"बाळ?"

"रिकाम्या गादीची कसली परीक्षा? ऊब कुणीतरी घेतली पाहिजे ना."

नूतन गडबडली. मागं उभे असलेले तिचे वडील मात्र शेजारच्या टेबलावर गेले. जीवराम सकाळी गादीची पेटी पिकअपमध्ये केळीच्या पाल्यावर ठेवून सावद्याहून स्वतः घेऊन आले होते आणि तेव्हापासून टाय लावलेल्या माणसांपासून अंग चोरून उभे होते. तिथल्या सलाईन कोमट करणाऱ्या यंत्रातून ते चार बाटल्या मागून घेऊन आले, खांद्यावरचा गमछा झटकला, बाटल्या त्यात घट्ट गुंडाळल्या आणि ते गाठोडं दोन्ही हातांनी गादीवर ठेवलं.

"घ्या शेटजी. दोन किलोचं झालं. आता रडाले नको, म्हंजे झालं."

शेठजी हसले नाहीत. त्यांनी तापमापकाची वायर गमछ्याच्या आत सरकवली आणि आकडा बघितला. "आधी याला तुझ्या गादीएवढं गरम होऊ दे. पाचेक मिनिटं. वेळ मात्र तीन वीसपासूनच धरू."

तेवढ्यात अहमदाबादचा एक विक्रेता वाकून नमस्कार करून कार्ड देऊन गेला. शेठजींनी कार्ड उलटं केलं, खिशातलं पेन काढलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं: ३.३५ – ३६.९. मग ते कार्ड टेबलावर पालथं ठेवलं.

असं सुरू झालं. मेळाव्यात भंवरलालशेठना कार्ड देण्यासाठी रांगच लागायची, तेव्हा कागदाची काही कमी नव्हती. दर पाव तासानं एक कार्ड उलटं व्हायचं. लोकांना गंमत वाटू लागली. नाशिकचा एक जुना व्यापारी जाता जाता थांबून म्हणाला, "शेठजी, पणतू झाला वाटतं. आम्हाला पेढे नाही दिले."

"पेढे साडेसातला," शेठजी म्हणाले. "आत्ता हात लावू नका, झोपलाय."

जीवराम लेकीच्या कानाशी आले. "तुले काय वाटते, टिकीन चार तास?"

"गादी टिकेल, आबा."

"गादीचं नाही इचारलं. बुढ्याचं इचारलं."

पाच वाजता ऊन हॉलच्या पायऱ्यांवर उतरलं. डिसेंबरचा दिवस, लवकर कलणारा. पाच वीसला शेठजींची नात प्रियल स्टीलचा तीन कप्प्यांचा डबा घेऊन आली. धुळ्याचं दुकान आता तीच बघायची.

"दादाजी, चला. पलीकडच्या खोलीत पान मांडलंय. सूर्यास्त पाच सत्तेचाळीसला आहे."

हे नूतनला समजावून सांगायची गरज नव्हती. जळगाव जिल्ह्यात वाढलेल्या कुणालाही जैनांचा हा नेम ठाऊक असतो. सूर्य मावळायच्या आत जेवण, त्यानंतर सकाळपर्यंत काही नाही. नेमकं त्याच क्षणी स्टेजवरून तिचं नाव पुकारलं गेलं. ती उठली, ओढणी सारखी केली, जाताना तिची नजर टेबलावर ठेवलेल्या डब्यावर पडली. आता हे उठतील. बरोबरच आहे, या वयात नेम कसा मोडायचा. पण मधली वीस मिनिटं गादीपाशी कुणी नसेल, आणि जो माणूस बघितल्याशिवाय बोलत नाही तो वीस मिनिटं न बघितलेल्या गोष्टीबद्दल काय बोलेल? आबांना थांबा म्हणावं, तर ते तिचं भाषण ऐकायला केव्हाच पहिल्या रांगेत जाऊन बसलेले.

स्टेजवर ती वाईट बोलली. पहिली दोन मिनिटं पडद्यावर चित्र येण्यात गेली. तिसऱ्या मिनिटाला ती मेणाबद्दल बोलत होती, तेव्हा लोक चहाच्या दिशेनं बघत होते. चौथ्या मिनिटाला एकानं विचारलं, "यात ॲप आहे का?" तिनं नाही म्हटलं. त्यानंतर घंटा वाजली. टाळ्या पडल्या, पण त्यात जीवरामच्याच जास्त होत्या. मग सूत्रसंचालकानं सगळ्या बोलणाऱ्यांना एकत्र फोटोसाठी थांबवून ठेवलं, आणि ती परत टेबलाशी आली तेव्हा सहा वाजत आले होते.

शेठजी खुर्चीत होते. डबा खुर्चीखाली होता. झाकणाची कडी लावलेली होती.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही झालं नीट."

"बोलायचं काम दुसऱ्याचं असतं," ते म्हणाले आणि पुन्हा आकड्याकडं बघू लागले.

तिला विचारायचं होतं, तुम्ही किती वेळ उठला होतात. धीर झाला नाही. साडेसहाला तिनं पाण्याची बाटली पुढं केली, तेव्हा त्यांनी मान हलवली. "आता नाही." हेही तिच्या माहितीतलंच होतं. तिनं बाटली खाली ठेवली. सातच्या सुमारास लोक पांगायला लागले, मागच्या अंगणात जेवणाच्या टेबलांवर पांढऱ्या चादरी पडल्या, भरताच्या वांग्यांचा वास आत आला. शेठजींनी एकदा डोळे मिटले. तिला वाटलं, डुलकी लागली. पण सात पाचला ते न सांगता पुढं झुकले आणि कार्ड उलटं केलं.

सात वीसला त्यांनी शेवटचा आकडा लिहिला: ३६.२. मग गाठोड्यात हात घातला, वरून खालपर्यंत चाचपून बघितलं.

"पायाकडं थंड पडतंय. अर्धा अंश असेल. तिथं मेण कमी भरलंयस."

"हो," नूतन म्हणाली. तिला ते माहीत होतं. ते दुसऱ्या कुणाला कळेल असं वाटलं नव्हतं.

"भर."

एवढं बोलून त्यांनी गुडघ्यांवर हात टेकले. उठायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला. जीवराम पुढं झाले आणि त्यांच्या कोपराला धरलं. टेबलावरची सोळा कार्डं शेठजींनी एकत्र करून, पत्त्यांचा जोड ठोकतात तशी ठोकून नूतनच्या हातात दिली.

दाराशी चोपड्याचे डॉक्टर कुंदन महाजन भेटले. त्यांचा वीस खाटांचा दवाखाना.

"शेठजी, ती गादी तुम्ही घेऊन बसला होतात म्हणे. कशी आहे?"

"चार तास धरते. पायाकडं सुधारणा पाहिजे, ती करेल."

"तुम्ही बघितलं?"

"बघितलं."

"पूर्ण?"

"पूर्ण."

डॉक्टरांना तेवढं पुरलं. ते नूतनकडं वळले. "सुधारणा झाली की दोन पाठव. आणि यावलचा माझा मेहुणा फोन करेल, त्यालाही दे." आणि ते जेवायला निघून गेले. इतक्या सरळपणे, की पाच मिनिटं नूतनला आपण काय ऐकलं तेच समजेना.

"इतके शेट पाह्यले," जीवराम म्हणाले, "पन गादीपाशी बसनारा शेट पह्यलाच पाह्यला."

ती टेबल आवरायला परत आली. खुर्चीखाली डबा राहिला होता. तिनं तो उचलला आणि तशीच थांबली. डबा जड होता. वरचा कप्पा उघडायची गरजच नव्हती. कडीच्या फटीतून गव्हाच्या फुलक्यांचा आणि मुगाच्या डाळीचा वास येत होता.

तिनं डबा खाली ठेवला आणि कार्डं टेबलावर पसरली. तीन पस्तीस. तीन पन्नास. चार पाच. सगळी त्याच बारक्या, डावीकडं कललेल्या अक्षरात. पाच वीस. पाच पस्तीस – ३६.८. आणि पाच पन्नास – ३६.७. सूर्य मावळून तीन मिनिटं झालेली. ते कार्ड तिनं उलटून बघितलं. त्या वेळी सगळा हॉल स्टेजसमोर किंवा चहापाशी होता, कार्ड द्यायला कुणी आलंच नसणार. ते तिचंच कार्ड होतं, दुपारी नमस्कार करताना दिलेलं.

"डबा राहिला का?" मागून प्रियलचा आवाज आला. ती धापा टाकत होती. "गाडीत बसल्यावर लक्षात आलं."

"जेवले नाहीत ते?"

प्रियलनं रिकाम्या खुर्चीकडं बघितलं. "मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगायला गेले तर ओठांवर बोट ठेवलं. गादीकडं बोट दाखवून म्हणाले, झोपलाय."

"पाणी तरी?"

"पाणीही उद्याच. सकाळी पावणेआठनंतर."

"मला सांगायचं ना. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून दाखवलं असतं."

"तुला सांगायचं नाही, असंच बजावलं होतं. म्हणाले, पोरीवर उपकार होतो, मग ती गादीकडं बघायची सोडून माझ्याकडं बघेल." प्रियलनं डबा हातात घेतला. "तू काही मनाला लावून घेऊ नको. घरी हे असंच चालतं."

ती गेली. नूतनला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. आसपास कुणी नव्हतं, मशीनं सगळी बंद झाली होती.

अंगणातून जीवराम आले, हातात दोन ताटं.

"चाल, बस. भरीत गरम आहे."

"तुम्ही जेवा, आबा. ती बाटल्यांची गाठ सोडा आणि पेटी इकडं ओढायला हात लावा."

"आता? रातीच्याले घरी गेल्यावर पाहू ना. जेवून तं घे."

"पायाकडचा कप्पा उघडून बघायचाय. फोनवर हितेंद्रलाही सांगा, रविवारचं तिकीट परत करायचं म्हणून."

जीवरामनी ताटं टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवली. लेकीकडं बघितलं, मग त्या पालथ्या कार्डांकडं. गमछ्याची गाठ सोडली, बाटल्या एकेक करून बाजूला मांडल्या, गमछा खांद्यावर टाकला. तो अजून ऊबदार होता.

नूतननं पेचकस काढला आणि शेठजींच्या खुर्चीत बसून पहिला स्क्रू फिरवला.