किडक्या दाढा

माझी लेक पल्लवी आटपाडीजवळ उत्खननात काम करते. तिथं तिनं मला जुन्या काळच्या शेतकऱ्यांचे दोन जबडे दाखवले.

"हा पुरुषाचा, दात शाबूत. हा बाईचा, सगळ्या दाढा किडलेल्या. दूध-मटण त्याला, हिला नुसती पेज."

"दातांवरनं एवढं कळतंय व्हय गं?"

"माझ्यावरनं नाही कळत?" ती हसली.

बाविशीतच तिच्या चार दाढा काढल्यात. लहानपणापासून तिचे उपास मीच करवले, गूळ-साबुदाण्यावर. घरचं दूध मात्र तिच्या भावाला, अमृतला. त्या दिवशी दोघी घरी परतल्यावर मी देवापुढं बसले, पण हात जोडवेनात.

जेवायला पहिलं ताट पल्लवीला वाढलं, दुधाची वाटीही ठेवली. तिनं ताट हळूच मागं सारलं.

"अगं आई, दादा जेवायचाय अजून."