घरट्यातला भोंगा

घरट्यातला भोंगा अखेर काढण्यात आला. नगरपालिकेच्या नंतर सुधारलेल्या दप्तराप्रमाणे मात्र तिथे भोंगा कधी लावलाच नव्हता, त्यामुळे काढण्याचा प्रश्नच येत नाही. आपणही जबाबदार नागरिकांसारखे हे विसरून जाऊ आणि पहिल्यापासून सुरुवात करू.

कोइवुलाम्पी हे फिनलंडमधलं आमचं गाव. तिथे तळ्याकाठच्या बर्चच्या राईत गावाने मिळून एक घरटं विणलं. पक्ष्याचं असतं तसंच, फक्त आत बारा माणसं बसतील एवढं. टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्या तुओवीने वीण दाखवली, बाकीच्यांनी आपापल्या बांधावरच्या विलोच्या फांद्या आणल्या. अशा कामाला आमच्यात मजुरी नसते, कॉफी आणि वेलचीचा पाव असतो, आणि कुणाचंच नाव कुठे लिहीत नाहीत. आत जायचं, बसायचं, वारा ऐकायचा, घरी यायचं. ओन्नी हाकालाची बायको सिर्का आदल्या शरदात गेली होती. तिचा मफलर त्याने भिंतीत विणला आणि रोज दुपारी तो त्याखाली बसू लागला.

मग दुर्दैवाने नगरपालिकेला हे घरटं आवडलं.

सुरक्षा अधिकारी यार्को पेल्कोनेनच्या लक्षात आलं की इथे लोक कुठल्याही नियमाशिवाय शांत बसतात. हे धोक्याचं होतं. त्याने अकरा पाट्या आणि एक भोंगा सुचवला. भोंगा दर दहा मिनिटांनी बजावणार होता, ‘कृपया शांतता राखा.’

रीतसर सुनावणी झाली. त्रेचाळीस माणसं आली. यार्कोने चाळीस मिनिटं योजना वाचली आणि कुणाची हरकत आहे का, असं विचारलं. त्रेचाळीस जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. यार्कोने लिहिलं, ‘एकमताने मंजूर.’

मंडळी, त्या सभागृहाने वीस वर्षांत एवढा संतापलेला जमाव पाहिला नव्हता! ओन्नीने तर छपराखाली असताना डोक्यावर टोपी चढवली. आमच्याकडे याच्यापुढची पायरी दगडफेक. पण टोपीसाठी सुनावणीच्या इतिवृत्तात रकाना नव्हता.

भोंगा लागला. आवाज यार्कोचाच होता. पहिल्या आठवड्यात पक्षी गेले, दुसऱ्या आठवड्यात ओन्नी. तो आता हमरस्त्यावरच्या बस थांब्यावर बसू लागला. प्रत्येक बस थांबायची, दार उघडायची, दार मिटायची.

हे पाहून तुओवी तडक यार्कोच्या कचेरीत गेली.

“ओन्नी थांब्यावर बसलाय.”

“बसची वाट बघत असेल, तुओवीमावशी.”

“त्याला कुठेही जायचं नाहीये. होता तिथून तू उठवलंस.”

“मी? सुनावणीत तो एक शब्द बोलला नाही!”

“तुझ्या बायकोने मागे तीन दिवस अबोला धरला होता. तेव्हा काय लिहिलंस, एकमताने मंजूर?”

यार्को गप्प झाला.

“बघ, आता तू गप्प आहेस,” तुओवी म्हणाली. “भोंगा काढायला तुझा होकार आहे असं लिहून घेऊ?”

यार्कोने कोट घातला आणि तिच्याबरोबर घरट्यात गेला. आयुष्यात पहिल्यांदाच तो तिथे बसला. नेमका मफलरखाली. तळ्यावरून वारा आला, फांद्या हलक्या करकरल्या, खूप लांबून एक कोकीळ ओरडला. यार्कोला कित्येक वर्षांनी आपले वडील आठवले, होडीत शेजारी बसून काहीही न बोलणारे. तेवढ्यात डोक्यावरून त्याचाच आवाज गरजला, ‘कृपया शांतता राखा!’

“गप्प बस!” यार्को ओरडला. स्वतःलाच. मग बाकावर चढून त्याने वायर उपटली.

दुसऱ्या दिवशी ओन्नी परत आला. यार्को आधीच बसलेला होता. ओन्नी टोपी काढून त्याच्या शेजारी बसला.

नागरिकहो, गप्प बसलेला माणूस कबूल झालेला नसतो. त्याला विचारायची तसदी न घेता त्याचा होकार लिहून मोकळं होणं ही चोरी आहे, मग ती कितीही नीट शिक्का मारून केलेली असो. आपल्या घरात, कचेरीत कुणाकुणाचे होकार आपण असे लिहून ठेवलेत, ते एकदा तपासा.

यार्कोने स्वतःच्याच खात्याकडे अर्ज केला आहे, तो असा:

‘यापुढील कोणतीही जाहीर सुनावणी गावातील सर्वांत अबोल व्यक्ती (सध्या श्री. ओन्नी हाकाला) आपणहून बोलेपर्यंत संपल्याचे घोषित करू नये. तोपर्यंत उपस्थितांच्या कॉफीची व निवासाची व्यवस्था नगरपालिकेने करावी, ही विनंती.’